ओढा निरोगी आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं?

सीनाकाठचा | २ नोव्हेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, पण सल्ला हवाय.

आमचं गाव मोहोळ तालुक्यात. गावाला खेटून ओढा जातो आणि पुढे सात-आठ किलोमीटरवर सीना नदीला मिळतो. मी नोकरीला सोलापुरात, शनिवार-रविवार गावी असतो. दिवाळीत मुलीला खेकडे दाखवायला ओढ्यावर नेलं. माझ्या लहानपणी पुलाखालचा कुठलाही दगड उचलला की खेकडा तिरपा पळत सुटायचा. त्या दिवशी आम्ही दोघांनी पन्नासेक दगड पालथे घातले. खेकडा एकही नाही. दगडांची खालची बाजू डांबर फासल्यासारखी काळी, हाताला बुळबुळीत, आणि वास नासक्या अंड्याचा. मुलीनं विचारलं, "मग ते गेले कुठं?" मला उत्तर देता आलं नाही.

गावात विचारलं तर पाणी तपासल्याचा कागद दाखवला. पीएच ८.१, टीडीएस ८६०, शेरा 'शेतीस योग्य'. म्हणजे कागदावर ओढा ठणठणीत. पण त्याच पाण्यात उतरणाऱ्या पोरांच्या पायाला खाज सुटते आणि म्हशी तिथं तोंड लावत नाहीत.

त्यात आता ओढा सरळ करून खोल करायचं ठरतंय. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय येईल. विरोध करायचा की पाठिंबा द्यायचा, हेच मला कळत नाहीये, कारण आज ओढ्यात जिवंत काय उरलंय तेच माहीत नाही. मोठ्या नद्यांवर भरपूर लिहिलं जातं. तीन-चार पावलांत ओलांडता येणाऱ्या ओढ्याची तब्येत साध्या माणसानं कशी तपासायची? कुणी केलंय का?

काळीभोर_माती | २ नोव्हेंबर, रात्री १०.०५

एकच प्रश्न. मे महिन्यात ओढ्याला पाणी असतं का?

सीनाकाठचा | २ नोव्हेंबर, रात्री १०.१२

असतं की. गेली सहा-सात वर्षं बारा महिने वाहतोय. आधी संक्रांतीनंतर धार तुटायची, मग होळीपर्यंत फक्त डोहात पाणी.

काळीभोर_माती | २ नोव्हेंबर, रात्री १०.५०

मग निम्मं निदान झालं समजा.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही जून ते ऑक्टोबरात, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. खाली बसाल्टचा खडक, वर काळी माती. एवढ्याशा ओढ्याला मे महिन्यात स्वतःचं पाणी येणार कुठून? आलंच तर दोनच वाटांनी. एक, वर कुठं कालवा किंवा भिजवणीचा ऊस असला तर त्याचा पाझर. दोन, गावाची गटार. नळाला पाणी आलं, घरोघरी न्हाणीघरं-संडास झाले, ते चांगलंच झालं. पण सांडपाणी कुठं सोडायचं ते कुणी ठरवलं नाही आणि उताराला होता ओढा.

लोकांना वाटतं, वाहतोय म्हणजे जिवंत आहे. आपल्याकडं उलट आहे. उन्हाळ्यात आटणारा ओढा हा या मुलखाचा खरा ओढा. त्यातले जीव त्या आटण्याला सरावलेले असतात. कुणी गाळात अंडी घालून ठेवतं, कुणी डोहात दाटीवाटीनं राहतं, कुणी काठात बीळ करून निजतं. आटणं हा त्याचा आजार नव्हे.

निर्गुडी | ३ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

दादा, मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि दर वर्षी पोरांना घेऊन ओढ्यावर जाते. सविस्तर सांगते.

तुमचा कागद खोटा नाही. त्यानं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलंय. पीएच आणि टीडीएस सांगतात पाण्यात काय विरघळलंय. त्या पाण्यात कोण जगतं, हे ते सांगू शकत नाहीत. शिवाय बाटलीतलं पाणी म्हणजे त्या एका मिनिटाची हकीकत. मंगळवारी रात्री कुणी काही सोडलं आणि शनिवारी बाटली भरली, तर मधल्या चार दिवसांत ते सीनेपार गेलेलं असतं. किडे मात्र जागेवर असतात. काही अळ्या आठवडे, काही महिने पाण्यात काढतात. मंगळवारी रात्री काय झालं ते त्यांना सोसावं लागतं. म्हणून ओढ्याची हजेरी त्यांच्याकडून घ्यायची.

आमची पद्धत अशी. मच्छरदाणीच्या कापडाची जाळी दोन काठ्यांना शिवायची. पाणी खळखळत जातं अशा उथळ जागी एकानं जाळी तळाला टेकवून धरायची. दुसऱ्यानं तिच्या वरच्या अंगाला उभं राहून तीन मिनिटं पायानं तळ ढवळायचा, की सुटलेलं सगळं धारेबरोबर जाळीत येतं. मग दहा-बारा दगड हातानं उचलून मऊ ब्रशनं पांढऱ्या परातीत धुवायचे. परातीत थोडं पाणी घालून पाच मिनिटं गप्प बसा. आधी नुसता कचरा दिसतो. मग कचऱ्यातली एकेक काडी चालायला लागते.

मेफ्लायची अळी दिसली तर आनंद माना. नखाएवढी, शेवटाला बहुधा तीन केसांसारख्या शेपट्या, आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले सारखे फडफडत असतात. कॅडिसची अळी वाळूच्या कणांचं नळकांडं करून त्यात राहते, नाहीतर दगडांच्या फटीत जाळं विणून धारेत येईल ते खाते. या दोघींना बहुधा प्राणवायू मुबलक लागतो. चतुर आणि टाचणी (चतुरासारखाच, पण बारीक अंगाचा किडा) यांच्या अळ्या त्यांच्या खालोखाल. लाल दोऱ्यासारखी वळवळणारी अळी दिसली तर ती कायरोनोमस या डासासारख्या दिसणाऱ्या किड्याची. तिच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती लाल आणि म्हणून ती कमी प्राणवायूत तगते. ती एक-दोन दिसली तर काळजी नाही. फक्त तीच दिसली तर आहे. आणि उंदराच्या शेपटीसारखी लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेणारी अळी सापडली, तर त्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच असं समजा.

हे तीन जागी करा: गावाच्या वर, गटार मिळते त्याच्या लगेच खाली, आणि तिथून एक-दीड किलोमीटर पुढे. सगळे जीव जिवंत परत सोडायचे. गटारीच्या खाली गमबूट आणि हातमोज्यांशिवाय उतरू नका, आणि मुलीला तिथं काठावरच बसवा.

चाळणीवाला | ३ नोव्हेंबर, सकाळी ८.०२

ताई, जाळी नसली तर पिठाची चाळणी चालेल का?

निर्गुडी | ३ नोव्हेंबर, सकाळी ८.१०

चालेल. पण मग ती ओढ्याचीच. पुन्हा पिठाच्या डब्यात नाही जायची.

परीक्षानळी | ३ नोव्हेंबर, दुपारी १.३०

मी पाणी तपासणीच्या कामात आहे. निर्गुडीताईंशी सहमत, पण बाटलीलाही अगदी टाकून देऊ नका. योग्य वेळी योग्य गोष्ट मोजली तर तीही बोलते.

सीनाकाठचा, तुमचे काळे दगड आणि अंड्याचा वास हीच मोठी तपासणी आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपला की गाळातले जिवाणू सल्फेटवर गुजराण करतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. तो तुमचा वास. तोच वायू मातीतल्या लोहाशी मिळाला की काळं लोह सल्फाइड बनतं. तो दगडाखालचा डांबरासारखा थर. ज्या दगडाखाली हे आहे, तिथं खेकडा राहणार नाही.

विरघळलेला प्राणवायू मोजायचं साधं संच मिळतं, रंग बघून आकडा वाचायचा असतो. २५ अंशाच्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण ८.३ मिलिग्रॅम प्रतिलिटर मावतो. पाणी तापलं की आणखी कमी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी किमान ४ लागतो, अंघोळीच्या पाण्याला किमान ५. तुमच्या कागदावरचा 'शेतीस योग्य' हा शेरा सगळ्यात खालच्या 'ई' वर्गाचा. त्यात प्राणवायू बघतच नाहीत. पीएच, क्षार, सोडियम आणि बोरॉन बघतात. आणि टीडीएस ८६० ला घाबरू नका, आपल्याकडच्या काळ्या रानातून आलेलं पाणी मुळातच क्षारांचं असतं.

एक गोष्ट मात्र सगळे चुकतात. प्राणवायू दुपारी मोजतात. सांडपाण्यानं शेवाळ माजलेलं असतं, ते उन्हात प्राणवायू सोडतं आणि आकडा फुगतो, कधी कधी मावायला हवा त्यापेक्षाही जास्त येतो. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं आणि आकडा कोसळतो. मासे मरतात ते पहाटे. म्हणून सूर्य उगवायच्या आत एकदा आणि दुपारी तीनला एकदा. दोन आकड्यांतलं अंतर बघा.

तुतवार | ३ नोव्हेंबर, रात्री ८.४५

पक्ष्यांच्या बाजूनं माझी एक चूक सांगतो, म्हणजे तुमची टळेल.

आमच्या भागातल्या नाल्यावर एका हिवाळ्यात शेकाट्यांचा मोठा थवा उतरला. लांब गुलाबी पाय, काळे पंख. मी सगळ्यांना अभिमानानं सांगत सुटलो की बघा, आपला नाला किती समृद्ध झालाय. एका जाणत्या काकांनी मला बाजूला घेऊन त्यांच्या चोचीत काय आहे ते दुर्बिणीतून बघायला सांगितलं. चिखलातल्या लाल अळ्या होत्या, निर्गुडीताई सांगतायत त्याच. जिथं सांडपाणी, तिथं त्या अळ्या, आणि जिथं अळ्या तिथं शेकाटे.

ओढ्यावर छोटा खंड्या बसतो का ते बघा. तो सूर मारून मासा धरतो. त्याला पाण्यात दिसावं लागतं आणि पाण्यात लहान मासळी असावी लागते. काठाला बीळ करायला मातीची उभी दरड लागते. एक खंड्या रोज दिसला तर तीन गोष्टींचा अंदाज एकदम येतो.

मंगळवेढेकर | ४ नोव्हेंबर, सकाळी ६.२०

सगळं वाचलं. राग मानू नका, पण स्पष्ट बोलतो.

तुम्ही किडं मोजूलालाव, आमी २०१२-१३ ला टँकर मोजल्यात. जनावरं छावणीला नेली होती. आमच्याकडं नाला खोल केल्यावर दोन सालं विहिरीला पाणी टिकलं, हे मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. ज्याच्या रानात ज्वारी करपती त्याला मेफ्लाय सांगून काय उपयोग? ओढा खोल हुणार आसंल तर सीनाकाठच्या भाऊंनी आडवं पडू नये, आसं माझं मत हाय.

काळीभोर_माती | ४ नोव्हेंबर, सकाळी ९.३५

मंगळवेढेकर, राग कशाला? तुमचा अनुभव खरा आहे. माझाही ऐका.

आमच्या शिवारातला दीड किलोमीटर ओढा पोकलेननं खोल केला. पहिल्या साली पाणी साठलं, सगळे खूश. पण काम करताना चार गोष्टी गेल्या. दोन्ही काठांची करंज, जांभूळ, उंबर काढली, कारण यंत्राला वाट हवी होती. तळाचे गोटे उचलून बांधावर टाकले. दोन जुने डोह होते ते एका पातळीत आले. आणि वळणं गेली. काळ्या मातीच्या उभ्या दरडी दुसऱ्याच पावसात भसाभसा ढासळल्या, निम्मी खोली गाळानं भरली. सावली नसल्यानं पाणी तापतं आणि उन्हाळ्यात शेवाळाची साय धरते. आता काठाला फक्त वेडी बाभळ आणि बेशरम.

पाणी अडवायला माझा विरोध नाही. डोह, गोटे, झाडं आणि वळण ठेवून अडवता येतं. यंत्रवाल्याला आधी खुणा करून द्याव्या लागतात, इतकंच. आमच्याकडं ते कुणी केलं नाही. मीही नाही.

मंगळवेढेकर | ४ नोव्हेंबर, दुपारी १२.४०

दरडीचं बरोबर हाय. आमचीबी एका अंगानं ढासळलीय. झाडं ठिवून काम हुतं का ते बघितलं पायजे. पण पाण्याचं काम थांबवा आसं कुणी म्हणू नका.

निर्गुडी | ४ नोव्हेंबर, दुपारी २.००

थांबवा असं इथं कुणीच म्हटलं नाही, भाऊ. पण गटारीचं पाणी येणाऱ्या ओढ्याला खोल केलं, तर साठणार काय आणि विहिरीत मुरणार काय, हेही बघायला नको का? सीनाकाठचादादांच्या ओढ्यात आज मे महिन्यात जे वाहतंय तेच काठच्या विहिरींत उतरणार. माझ्या मते आधी गटारीचा बंदोबस्त, मग खोलीकरणाची चर्चा. हा क्रम ग्रामसभेत मांडता येईल.

बार्शीची_लेक | ४ नोव्हेंबर, रात्री ९.२५

आमची आजी ओढ्याचं पाणी कधी थेट प्यायची नाही. वाळूत हातभर खोल झिरा उकरायची, पहिलं गढूळ पाणी वाटीनं उपसून टाकायची, मग झिरपून येईल ते घागरीत. गढूळ राहिलंच तर घागरीत आतून निवळीची बी उगाळायची. सकाळी गाळ तळाला.

मागच्या साली त्याच जागी गेले. वाळूच नाही. ट्रॅक्टरनं वर्षानुवर्षं नेली, आता खाली उघडा मुरूम. झिरा उकरायचा कशात? हा धागा वाचताना वाटलं की वाळू आहे की नाही, हेही तपासणीच्या यादीत घ्या. पाणी गाळणारी तीच होती, आणि उन्हाळ्यात वरून कोरड्या दिसणाऱ्या ओढ्यात ओलावा आणि जीव राखून ठेवणारीही तीच.

अक्षरवेडा | ५ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

जरा विषयांतर करतो. सीनाकाठचा, तुमच्या ओढ्याचं पाणी सीनेतून पुढे हत्तरसंग कुडलला भीमेला मिळतं. त्या संगमावरच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या आद्य लेखांत तो गणला जातो. 'वाछितो विजेया होईवा', म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. तिथं उभा राहिलो की दोन्ही नद्यांच्या पाण्यात जिल्ह्यातले किती ओढे आले असतील, हा विचार दर वेळी येतो. मुलीला एकदा तिकडंही न्या. खाली काय पोचतंय ते बघायला मिळेल.

सीनाकाठचा | ५ नोव्हेंबर, रात्री १०.३०

नक्की नेतो. जाळी शिवायला टाकली आहे. प्राणवायूचं संचही मिळालं. नंदुरकीच्या पारावरच्या दोघा पोरांनी मदतीला यायचं कबूल केलंय. तीन रविवार द्या मला.

फुलवात | ६ नोव्हेंबर, दुपारी ४.१०

फवारणीचं कुणीच बोललं नाही. डाळिंब-द्राक्षाच्या पट्ट्यात पंप कुठं धुतात? ओढ्यात. औषधाच्या रिकाम्या बाटल्या कुठं पडतात? ओढ्यात. जी औषधं किडीसाठीच बनवलेली असतात ती मेफ्लायलाही कीडच समजणार. पंपात उरलेलं थोडं पाणीसुद्धा ओढ्यातले बरेच किडे मारू शकतं. आम्ही बागेच्या कडेला खड्डा करून पंप तिथं धुतो आणि धुवणाचं पाणी परत त्याच बागेवर फवारतो. खर्च शून्य.

मंगळवेढेकर | ६ नोव्हेंबर, सायंकाळी ७.००

हे पटलं. आमचा गडी वढ्यातच धुतो. उद्यापास्नं बंद.

सीनाकाठचा | २३ नोव्हेंबर, रात्री ९.१५

मंडळी, तीन रविवार झाले. जसं दिसलं तसं लिहितो.

पहिली जागा गावाच्या वर, जुन्या पुलाच्याही वर दीड किलोमीटर. काठाला दोन अर्जुन आणि निर्गुडीचं जाळं, पाणी घोट्याएवढं, तळाचे गोटे स्वच्छ दिसतात. परातीत काडीकचरा ओतला आणि ताईंनी सांगितल्याप्रमाणे गप्प बसलो. मिनिटभरात एक बारीक पिवळट कणी सरकायला लागली. भिंगातून बघितलं तर तीन शेपट्या, आणि पोटाच्या कडेला कल्ले इतक्या जलद हलत होते की पाण्यात थरथर दिसत होती. मुलगी हात मागं घेऊन श्वास रोखून बघत होती. मेफ्लायचे दोन प्रकार, जाळं विणणारी कॅडिस, चतुराच्या अळ्या, पाण्यावर भिरभिरणारे भोवरकिडे आणि थोड्या लाल अळ्या मिळाल्या. बोटाएवढी मासळीही होती. प्राणवायू पहाटे ६.१, दुपारी ८.

दुसरी जागा गटारीच्या खाली शंभर पावलांवर. परातीत नुसता लाल वळवळाट. लाल अळ्या, गाळातले ट्युबिफेक्सचे (दोऱ्यासारख्या बारीक गांडुळांचे) धागे आणि पातळ, डावीकडं पीळ असलेल्या कवचाच्या गोगलगायी. बाकी कुणी नाही. कडेच्या साचलेल्या डबक्यात ती उंदीरशेपटीची अळीही दिसली. प्राणवायू पहाटे ०.९ आणि दुपारी १०.८! परीक्षानळी, तुम्ही लिहिलं नसतं तर मी दुपारचा आकडा घेऊन खुशीत घरी गेलो असतो.

तिसरी जागा दीड किलोमीटर खाली, पाणकणसाचा पट्टा संपतो तिथं. एका प्रकारची मेफ्लाय पुन्हा दिसली! चतुराच्या अळ्या, पाणढेकूण, जळवा, लाल अळ्या. पहाटे ३.४.

ब्रिटिश पद्धतीच्या गुणतक्त्यात किड्यांच्या प्रत्येक कुळाला १ ते १० गुण असतात, घाण जितकी कमी सोसते तितके जास्त. तो लावला तर वर सहा कुळांचे ३१ गुण, म्हणजे कुळामागे सरासरी ५.२. गटारीखाली तीन कुळांचे ६, सरासरी २. खाली पाच कुळांचे २२, सरासरी ४.४. बरोबर केलं ना?

निर्गुडी | २३ नोव्हेंबर, रात्री १०.०५

फार छान केलंत! बेरीज बरोबर आहे. एक सावधगिरी घ्या. तो तक्ता थंड मुलखातल्या ओढ्यांसाठी बनला. त्यात चतुराला ८ गुण दिलेत, पण आपल्याकडचे बरेच चतुर मळकट पाण्यातही वाढतात. चतुर वगळून बघा: वर पाच कुळांचे २३, सरासरी ४.६. खाली चार कुळांचे १४, सरासरी ३.५. मधल्या जागी चतुर नव्हतेच, म्हणून २ कायम. आकडे उतरले, पण क्रम तोच राहिला आणि मधला खड्डाही तेवढाच खोल. तुमच्यासाठी तो क्रमच महत्त्वाचा. एकट्या ५.२ ला चांगलं म्हणायचं की वाईट, यावर वाद घालू नका.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ आली. छोट्या ओढ्याची तब्येत ठरवायला पुस्तकातला आदर्श ओढा नको. तुमचाच ओढा गावाच्या वर कसा आहे, ती तुमची मोजपट्टी. माती तीच, खडक तोच, पाऊस तोच. फरक फक्त मधल्या गावाचा. वरची जागा अजून शाबूत आहे, हे नशीब. आमच्या पोरांना कितीदा असा ओढा सापडतच नाही, जिथं गावाच्या वर अजून गाव नाही.

परीक्षानळी | २४ नोव्हेंबर, सकाळी ११.२०

खाली पहाटे ३.४ म्हणजे माशांना अजून अपुरा, पण ०.९ वरून दीड किलोमीटरात तिथवर आला. यात पाणकणसाच्या पट्ट्याचा हात आहे. मुळांवरचे जिवाणू घाण खातात, गाळ तिथं बसतो. साफसफाईच्या नावाखाली तो पट्टा यंत्राखाली गेला तर तिसरी जागाही दुसरीसारखी होईल. ग्रामसभेत हे आवर्जून सांगा. गटारीच्या तोंडाशी आधी गाळ बसायला टाकी आणि पुढे खडी भरलेल्या चरात पाणकणीस किंवा कर्दळ, इतकं केलं तरी ओढ्यावरचा भार पुष्कळ हलका होतो. घराघरांच्या न्हाणीचं पाणी शोषखड्ड्यात घेतलं तर त्याहून.

तुतवार | २४ नोव्हेंबर, दुपारी १.००

खंड्या?

सीनाकाठचा | २४ नोव्हेंबर, दुपारी १.३०

वरच्या जागी दोन रविवारी, अर्जुनाच्या वाळक्या फांदीवर. गटारीखाली शेकाटे, अकरा.

काळीभोर_माती | २४ नोव्हेंबर, रात्री ८.१५

खेकड्यांचं राहिलं. पाऊस सरला की ते दगडाखालून निघून काठाच्या ओल्या मातीत बिळं करतात, म्हणून नोव्हेंबरात दगड उचलून ते सापडतीलच असं नाही. वरच्या जागी पाण्याच्या रेषेच्या हातभर वर बघा. रुपयापेक्षा मोठं गोल भोक आणि तोंडाशी चिखलाच्या गोळ्यांची रास असते. गोळ्या ओल्या असल्या तर आत कुणीतरी आहे.

मंगळवेढेकर | २५ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

भाऊ, ग्रामसभेत नुसतं बोलू नका. ती परात घिऊन जावा. तीन ठिकाणचं पाणी तीन परातीत ठिवा आन म्हाताऱ्या माणसांना बघू द्या. त्यास्नी वरचं पाणी बघून लगीच वळखू येतंय, वढा पूर्वी कसा हुता ते. आन झाडाला, डोहाला चुन्याच्या खुणा करून नकाशा दावा, की हितं यंत्र लावा आन हितं नको. मग इरोधबी हुत नाही आन कामबी अडत नाही.

निर्गुडी | २५ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

मंगळवेढेकरभाऊ, याहून चांगली सूचना या धाग्यात आली नाही. फक्त परातीतले जीव सकाळीच आणा, सावलीत ठेवा आणि सभा संपली की ज्या जागचे त्याच जागी सोडा.

सीनाकाठचा | ३० नोव्हेंबर, रात्री ८.५०

आज पुन्हा वर गेलो होतो. अर्जुनाच्या मुळांच्या बाजूला, पाण्याच्या हातभर वर, सात बिळं. पाचांच्या तोंडाशी गोळ्या ओल्या होत्या. मुलीनं मोजली आणि प्रत्येकाशेजारी एक काडी रोवली. गटारीखालच्या काठावर शंभर पावलं चाललो, एकही नाही.

चुना आणलाय. पुढच्या रविवारी वरचे दोन डोह, नऊ झाडं आणि पाणकणसाचा पट्टा यांना खुणा करायच्या आहेत. काळीभोर_माती, तुम्ही मोहोळहून जवळच आहात असं कळलं. याल का? यंत्राला वाट कुठून द्यायची ते मला ठरवता येत नाहीये.

काळीभोर_माती | ३० नोव्हेंबर, रात्री ९.१०

येतो. सात वाजता पुलावर. टेप आणि दोरी मी आणतो.